पाठीवरचे बिऱ्हाड

सुरतेहून सापुताऱ्यास जाणे हा आपल्याकडील कुटुंबांचा नित्याचा शिरस्ता आहे. अंतर सुमारे 160 किलोमीटर. सकाळी निघावे, दुपारी हॉटेल गाठावे आणि दोन दिवसांनी परतावे. या धावपळीत मधला डांग मोटारीच्या काचेतून नुसता निसटून जातो. तो पाहावयाचा असेल, तर सामानात एक तंबू घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

तंबू मराठी माणसाला परका नाही. शिपायाची राहुटी, सरदाराचा डेरा, जत्रेतील पाल, समारंभाचा शामियाना, असे किती शब्द आपल्या भाषेने जपले आहेत! शिवाजी महाराज 1664 च्या जानेवारीत सुरतेवर चालून आले, तेव्हा त्यांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरील बागेत पडला होता. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण थट्टेने वापरतो; प्रवासात मात्र तेच बिऱ्हाड सुखाचे ठरते. वाट आवडली की थांबण्याचा विचार तरी करता येतो.

आमच्या मते त्यातील खरा लाभ वेगळाच आहे. आपली मुले शाळेत गुजराती वा इंग्रजी बोलतात. घरी मराठी उरते ती 'जेवायला चल', 'अभ्यासाला बैस' एवढ्यापुरती. तंबू उभारताना मात्र हाताला काम मिळते आणि कामाबरोबर शब्द येतात. खुंटी तिरपी ठोक, दोर ताण, सरकगाठ मार, उताराची बाजू बघ, कंदिलाची वात खाली कर, असे आजोबा सांगतात आणि नातू करतो. पुस्तकातून पाठ न होणारा शब्द दोराला हात लागताच कायमचा होतो. रात्री दूरदर्शन नसते, वेगवेगळ्या खोल्या नसतात. एका कापडाखाली तीन पिढ्या निजतात आणि गोष्टी आपोआप निघतात.

डांगात याला आणखी एक गोडी आहे. 1960 साली द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा हा मुलूख गुजरातेत आला. तरी तेथील आदिवासींच्या कुकणा बोलीतील कितीतरी शब्द मराठी कानाला ओळखीचे वाटतात. पाड्यावर पाण्याची चौकशी करताना आजीबाईंना दुभाष्या लागत नाही, हे पाहून मुले चकित होतात.

बारडोली-व्यारामार्गे गेल्यास पूर्णा नदीकाठी महाल येथे वनखात्याचे मुक्कामस्थळ आहे. परवानगी व निवासाची चौकशी आधीच करावी. अभयारण्यात मनास येईल तेथे तंबू ठोकता येत नाही. नदीचे कोरडे पात्र सपाट दिसले, तरी तेथे मुक्काम करू नये. वर डोंगरात पाऊस झाला तर पाणी अचानक येते. वाळक्या फांदीखालची जागाही टाळावी. थंडीत तंबू सर्व बाजूंनी बंद केल्यास श्वासाची वाफ आतल्या कापडावर दवासारखी साचते. म्हणून थोडी फट ठेवावी. सागाचा पाचोळा चटकन पेट घेतो. शेकोटी परवानगी असेल तेथेच करावी व पाणी ओतून विझवावी. तंबूच्या आत स्टोव्ह कधीही पेटवू नये.

शिदोरीत दुधात भिजविलेल्या दशम्या, लसणीची चटणी आणि हिवाळा असेल तर सुरतेचा पोंक, म्हणजे आपला हुरडाच, पुरेसा होतो. सकाळी निघताना मुलांकडून जागेचा शेवटचा कागद उचलून घ्यावा. आपण राहिलो होतो याची खूण तेथे उरू नये; ती मुलांच्या बोलण्यात उरावी.