बटाटे, टोमॅटो आणि यूपीआय

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी ती चित्रफीत फॅमिली ग्रुपवर टाकतंच. फेब्रुवारी २०१७, राज्यसभेत अर्थसंकल्पावर चर्चा चालू आहे आणि माजी अर्थमंत्री पी. चिदंबरम बोलायला उभे आहेत. गावच्या जत्रेत जा, साडेसात रुपयांचे बटाटे-टोमॅटो घ्या आणि पैसे कार्डानं द्या, असं ते खास आपल्या तिरकस सुरात सांगतात. विकणाऱ्या बाईकडे यंत्र आहे का? तिथे वीज आहे का? इंटरनेट? लगेच दुसरा तुकडा येतो : कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी टेकवून ठेवलेला क्यूआर कोड. त्याखाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईतल्या ग्लोबल फिनटेक फेस्टमध्ये पंतप्रधान मोदींनीही, नाव न घेता, संसदेत अशा शंका काढणाऱ्या विद्वानांचा समाचार घेतला.

हसू येणं साहजिक आहे. पण त्या हशात चार-सहा वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे.

गैरसमज : त्या भाषणात यूपीआयची टिंगल होती.

वस्तुस्थिती : भाषणाचा रोख कार्डांवर, ती स्वाइप करायच्या पॉस यंत्रांवर आणि त्यांच्यासाठी लागणाऱ्या सोयींवर होता. त्याचं कारण सरकारच्याच कागदात सापडतं. १ फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पी भाषणात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी येत्या वर्षासाठी २,५०० कोटी डिजिटल व्यवहारांचं लक्ष्य जाहीर केलं. त्यासाठी मार्चपर्यंत आणखी १० लाख पॉस यंत्रं आणि सप्टेंबरपर्यंत आधारवर चालणारी २० लाख यंत्रं बसवायची होती. २०१७-१८ संपेपर्यंत दीड लाखावर ग्रामपंचायतींत वेगवान ब्रॉडबँड आणि १ मे २०१८ पर्यंत प्रत्येक गावात वीज, हेही त्याच भाषणात होतं. म्हणजे यंत्र, इंटरनेट आणि वीज ही तिन्ही कामं अजून पुरी व्हायची आहेत, हे आधी अर्थमंत्र्यांनीच सभागृहाला सांगितलं होतं. विरोधी बाकावरून ती यादी सवालाच्या रूपात परत आली.

आता त्या यादीचं काय झालं ते पाहा. सरकारी मोजणीनुसार २०१७-१८ मध्ये डिजिटल व्यवहार झाले २,०७१ कोटी. लक्ष्य हुकलं, आकडा मात्र लहान नाही. त्यात यूपीआयचा वाटा होता जेमतेम ९२ कोटी. विजेचं म्हणाल तर मणिपूरमधलं लेइसांग हे गाव एप्रिल २०१८ च्या अखेरीस जोडलं गेलं आणि सर्व गावांत वीज पोचल्याची घोषणा मुदतीआधीच झाली. फक्त ‘विद्युतीकरण झालेलं गाव’ ठरायला निदान दहा टक्के घरांत वीज असली तरी भागतं, ही तळटीप त्या घोषणेत कुणी मोठ्यानं वाचत नाही. घराघरात जोडणी द्यायची सौभाग्य योजना म्हणूनच वेगळी आणावी लागली, सप्टेंबर २०१७ मध्ये.

आणि गंमत अशी, की चिदंबरम तेव्हा राज्यसभेत महाराष्ट्राचे खासदार होते. २०१६ साली राज्यातून जे सहा जण बिनविरोध निवडून गेले त्यांत ते होते आणि त्यांच्याच जोडीला पीयूष गोयलही होते, म्हणजे गावोगावी वीज पोचवण्याची जबाबदारी असलेले तेव्हाचे ऊर्जामंत्री. सवाल करणारा आणि उत्तर देणं लागणारा, दोघांनाही आपल्याच आमदारांनी पाठवलेलं.

तरी एक मान्य करायला हवं. त्या बोलण्याचा सूर ‘हे काही जमायचं नाही’ असाच होता. त्या दिवशीचा प्रश्न रास्त होता, त्यामागचं भाकीत सपशेल पडलं. चित्रफीत पुढे ढकलणारे दोन्हीला एकाच मापानं मोजतात.

गैरसमज : यूपीआय नोटाबंदीतून जन्मलं.

नोटाबंदी ८ नोव्हेंबर २०१६ ची. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी मुंबईत यूपीआयचं उद्घाटन केलं ते ११ एप्रिल २०१६ रोजी. बँकांची अ‍ॅप ऑगस्टअखेरीस आली. यूपीआय चालवणारं राष्ट्रीय भुगतान महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, २००८ मध्ये स्थापन झालं. पैसे तत्काळ दुसऱ्या खात्यात पाठवणाऱ्या ज्या आयएमपीएस सेवेच्या पायावर यूपीआय उभं आहे, ती २०१० ची. देशातला पहिला आधार क्रमांक सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला, जनधन खाती ऑगस्ट २०१४ पासून उघडू लागली. श्रेयाची वाटणी करायला बसलात तर काँग्रेस आणि भाजप, दोघांच्याही आघाड्यांना पानभर मिळेल. नोटाबंदीच्या महिन्यात यूपीआयवर देशभरात झालेले व्यवहार तीन लाखांच्या आसपास होते. तेव्हा चलती होती ती वॉलेटवाल्यांची.

गैरसमज : शेवटी यंत्रं गावात पोचलीच की!

भाजीवालीपर्यंत तरी नाही पोचली. उत्तर आलं ते भलत्याच वाटेनं. डिसेंबर २०१६ च्या सुरुवातीला मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. बँकेनं दुकानदारांना स्वाइप यंत्रं दिली होती, मंत्री येऊन गेले. काही महिन्यांत बातम्या आल्या त्या व्यवहार पुन्हा रोखीकडे वळल्याच्या.

जिंकला तो कागद. कुठल्याही आठवडी बाजारात पाहा : तराजूच्या दांड्याला लटकवलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड, एक कोपरा पावसानं फुगलेला. त्याला ना वीज लागते ना रेंज. दोन्ही आणायची ती गिऱ्हाइकानं, स्वतःच्या खिशातून. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची मोबाइल सेवा आल्यावर डेटा स्वस्त झाला, म्हणून ते गिऱ्हाइकाला जमलं. ग्रामपंचायतीपर्यंतच्या फायबरचा त्यात वाटा थोडाच. ज्या वस्तूवर सरकार आणि विरोधक दोघंही तावातावानं बोलत होते, ते पॉस यंत्र भाजीबाजाराच्या गोष्टीतून जवळपास बाहेरच पडलं. एक मात्र बारकाईनं पाहावं. भाजी विकते बाई, पण कोड बऱ्याचदा मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खात्याचा असतो. ‘आले का रे पैसे?’ असं फोनवर विचारल्याशिवाय ती पिशवी हातात देत नाही.

गैरसमज : विरोधक असले प्रश्न विचारून कामात खोडा घालतात.

अर्थसंकल्पावरची राज्यसभेतली चर्चा ही नुसती चर्चाच असते. अर्थसंकल्पामागून येणारं धन विधेयकही हे सभागृह अडवू शकत नाही. चौदा दिवसांत शिफारशींसह परत पाठवायचं, त्या शिफारशी लोकसभेनं घेतल्या तर घेतल्या. त्या भाषणानं एक यंत्र थांबणं शक्य नव्हतं.

गैरसमज : रोख संपली.

नोटाबंदीआधी चलनात सुमारे १८ लाख कोटी रुपये होते. मार्च २०२५ अखेरीस नोटांचं मूल्य ३६ लाख कोटींच्या वर गेलं होतं. त्याच आर्थिक वर्षात यूपीआयचे १८,५०० कोटींहून अधिक व्यवहार झाले. दोन्ही एकदमच वाढले.

गैरसमज : यूपीआय फुकट आहे.

आपल्याला आणि भाजीवालीला ते फुकट आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून शुल्क घ्यायला मनाई झाली. पाच-दहा रुपयांचा व्यवहार कार्डावर कधीच परवडला नसता, तो इथे परवडतो तो यामुळे. पण सर्व्हर, संदेश, फसवणुकीच्या तक्रारी यांचा खर्च बँका आणि अ‍ॅपवाल्या कंपन्या सोसतात आणि त्यांतला काही भाग सरकार आपल्या करातून भरून देतं. मार्च २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं २०२४-२५ या आर्थिक वर्षासाठी सुमारे १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. ती छोट्या व्यापाऱ्यांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांपुरती होती आणि दर ०.१५ टक्के. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात यासाठीची मूळ तरतूद मात्र ४३७ कोटींचीच होती. जुलै २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीही जाहीरपणे सांगितलं, की या सेवेला खर्च आहे आणि तो कुणाला ना कुणाला द्यावाच लागेल. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, यूपीआयचे महिन्याचे व्यवहार पहिल्यांदाच दोन हजार कोटींवर गेले. हा वाढता खर्च देणारा ‘कुणीतरी’ म्हणजे नेमका कोण, हे अर्थसंकल्पाच्या चर्चेत विचारायला आता कोणत्याही बाकावरच्या खासदाराची हरकत नसावी.