एकट्या आजींचं विसरणं कोण ओळखणार?

पुण्याहून मुलाचा फोन येतो. "आई, बरी आहेस का?" "बरी हाय बाळा." "जेवलीस का?" "व्हय, जेवले की." दोन मिनिटांत फोन संपतो आणि मुलगा निश्चिंत होतो. पण आजींनी कालपासून चूल पेटवलेली नसेल, तर ते या फोनवर कळत नाही. स्मृतिभ्रंश सुरू झालेलं माणूस ठरावीक बोलणं बरेच दिवस नीट निभावून नेतं. घरात दुसरं कोणी असेल तर चूक लगेच दिसते. एकट्या राहणाऱ्या माणसाची चूक बघायला कोणी नसतं.

मंगळवार पेठेत नांगीवली चौक, मिरजकर तिकटीच्या परिसरात फिरलं, तरी अशी घरं दिसतील. मुलं नोकरीसाठी बाहेर, घरी आजी किंवा आजोबा एकटे. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या शेजाऱ्यांसाठी हा लेख.

म्हातारचळ नव्हे, आजार

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या दर शंभरातल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शाळा न शिकलेल्यांत हे प्रमाण जास्त आढळलं. आपल्या समाजातल्या ज्या आजींना शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, त्यांच्याकडे म्हणूनच जास्त लक्ष हवं.

या आजारात जुनं टिकतं आणि नवं निसटतं. १९५० साली बिंदू चौकात बाबासाहेबांचा आणि महात्मा फुल्यांचा पुतळा बसला, तेव्हाची गोष्ट एखाद्या आजी रंगवून सांगतील. पण सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, हे त्यांना सांगता येणार नाही. त्यामुळे "आमच्या आजीची स्मरणशक्ती तर आमच्यापेक्षा चांगली" या समजुतीत राहू नका.

घराकडे बघा

भेटायला गेलात तर प्रश्न विचारण्यापेक्षा घर बघा.

- तळ करपलेली भांडी, चालू राहिलेला गॅस.
- एकाच वस्तूच्या चार-चार पुड्या, नासलेलं दूध, शिळं अन्न.
- गोळ्यांची पाकिटं तशीच, किंवा वेळेआधीच संपलेली.
- न भरलेलं वीजबिल, पेन्शनच्या पैशांचा न लागणारा हिशोब.
- रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, भलत्याच वेळी बाहेर पडणं.
- "माझे पैसे चोरले" असा आळ.

हा आळ बहुधा रोज डबा देणाऱ्या शेजारणीवरच येतो. ती दुखावते, येणं बंद करते आणि आजी आणखी एकट्या पडतात. आजींनी पैसे स्वतःच कुठेतरी ठेवलेले असतात आणि ते त्या विसरतात. वाद न घालता सोबत शोधावं. मुलांनीही त्या शेजारणीला हे समजावून सांगावं.

तपासणी

सीपीआर रुग्णालयात किंवा मेंदूविकार, मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावं. विसरण्यामागे बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा एखाद्या औषधाचा परिणामही असू शकतो. यांतलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. ऐकू कमी येत असेल तर तेही तपासून घ्यावं. स्मरणशक्तीच्या काही चाचण्यांत वाचायला, लिहायला, वजाबाकी करायला सांगतात. आजी शाळेत गेल्या नसतील तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. निरक्षर माणसांसाठी वेगळ्या चाचण्या असतात. आजार पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. पण काही औषधांनी काही काळ मदत होते आणि निदान लवकर झालं तर पुढची व्यवस्था लावता येते.

एकटं राहताना

सुरुवातीच्या काळात, नीट व्यवस्था लावली तर, आपल्याच घरात राहता येतं. ओळखीचं घर आणि ओळखीची गल्ली यांचा मोठा आधार असतो. उगाच सामान हलवू नका.

- गोळ्यांसाठी सात वारांची डबी आणा. ती कोणीतरी आठवड्याला भरावी.
- स्वयंपाक झाल्यावर गॅस रेग्युलेटरपासून बंद करावा. ते जमेनासं झालं की डबा लावावा.
- एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवा.
- नाव आणि मुलाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी पिशवीत, पदरात किंवा खिशात असू द्या.
- "मला ओळखलंस का?" अशी परीक्षा घेऊ नका. "मी तुमचा धाकटा, सुट्टीला आलोय" असं सांगून बोलायला लागा.

वाट चुकणं, आगीचा धोका, उपाशी राहणं सुरू झालं, की एकटं ठेवू नये. मग भावंडांनी बसून कोणाकडे ठेवायचं, खर्च कसा वाटायचा, हे ठरवावं.

कागद आणि अंगठा

आजींना समजतंय तोवरच बँकेतलं वारसाचं नाव, घराचे कागद, दरवर्षीचा हयातीचा दाखला यांची कामं त्यांच्या संमतीने करून घ्या. न समजणाऱ्या कागदावर कोणी अंगठा घेत असेल तर अडवा. मुलं सांभाळत नसतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो.

विहारात पौर्णिमेला आपण जमतोच. तेव्हा आपल्या गल्लीत एकटं कोण राहतं, याची यादी करा आणि प्रत्येक घरी रोज कोण डोकावणार, ते तिथेच ठरवा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ हा 'टेलिमानस'चा नंबर त्या यादीवर लिहून ठेवा. दोन्ही मोफत आहेत. माणूस हरवलं तर वाट न बघता ११२ वर फोन करा.