जळालेल्या अस्थी आणि त्यांवरील अनुमाने

घोड नदीकाठच्या इनामगाव (जि. पुणे) येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन झाले. तेथील प्राण्यांच्या अस्थींत गाय-बैलांच्या अस्थी विपुल असून काहींवर कापल्याच्या खुणा आहेत, काही जळालेल्या आहेत. त्यावरून तेथील शेतकरी गोमांस खात, असा निष्कर्ष काढण्यात आला. या दोन आधारांचे बळ मात्र सारखे नाही. शस्त्राची खूण मनुष्याच्या हातची असते. अस्थी जळण्याची कारणे अनेक संभवतात.

अस्थीचा वजनाने सुमारे दोन-तृतीयांश भाग कॅल्शियम फॉस्फेटाचा असतो. उरलेला मुख्यत्वे कोलॅजेन हे प्रथिन व पाणी. तापमान ३०० अंश सेल्सियसच्या पुढे गेले म्हणजे प्रथिनाचा कोळसा होऊन अस्थी काळी पडते. पुढे हा कर्बही जळून ती करडी होते आणि ७०० अंशांच्या सुमारास पांढरी व अतिशय ठिसूळ बनते. मांस भाजताना आतील अस्थी मांसाने झाकलेली असते. तिचे उघडे टोक तेवढे करपते. म्हणून सर्वांगी पांढरा पडलेला तुकडा पाकक्रियेपेक्षा चुलीत टाकलेल्या उष्ट्याचा वा जाळलेल्या केराचा मानणे अधिक सयुक्तिक होय. शिवाय स्टायनर, कून, वायनर व बार-योसेफ यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विस्तवाखाली काही सेंटिमीटर मातीत पुरलेल्या अस्थीही जळाल्याचे दिसून आले. अर्थात एका पिढीचे उष्टे पुढील पिढीच्या चुलीनेही काळवंडू शकते!

केवळ रंगावरही विसंबता येत नाही, कारण मातीतील मँगनीजनेही अस्थी काळी दिसते. अशा वेळी अवरक्त वर्णपट उपयोगी पडतो. तीव्र उष्णतेने खनिजाचे स्फटिक वाढतात व फॉस्फेटाच्या दोन शोषणपट्ट्यांमधील दरी खोल होते. परंतु दीर्घकाळ मातीत राहिल्यानेही स्फटिक काहीसे वाढतात. म्हणून वर्णपट, रंग, भेगा आणि सापडण्याचे स्थान यांचा एकत्र विचार आवश्यक ठरतो.

आंबिवली-कल्याणसारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात जेथे मृदा आम्ल असते, तेथे कच्ची अस्थी लवकर विरघळते. पूर्ण भाजलेली मात्र टिकण्याचा संभव अधिक. तिच्यातील कोलॅजेन नष्ट झालेले असले, तरी खनिजातील कार्बोनेटावरून कर्ब-१४ कालमापन करता येते. फक्त त्या कार्बोनेटात सरपणाचा कर्ब मिसळत असल्याने, जुने लाकूड जाळले असल्यास अस्थी प्रत्यक्षाहून प्राचीन ठरते.