एका साच्यातून तीस लॅपटॉप

दहिसरचा नाका ओलांडून उत्तरेस गेले की मीरा-भाईंदर लागते. १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका लाभलेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली. शाळा व संगणकवर्ग येथे पुष्कळ आहेत. मुंबईतील एखाद्या कार्यालयाने बाजूस काढलेले तीस ॲपल लॅपटॉप अशा एका शाळेच्या वाट्यास आले, तर ते विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगे कसे करावेत? कार्यप्रणाली, देवनागरी कळफलक, छपाईयंत्राची जोडणी यांस प्रत्येकी दोन तास धरले तरी साठ तास होतात. आणि तिसाव्या लॅपटॉपवर काहीतरी राहूनच जाते.

यावर ॲपलने १९९९ मध्ये नेटबूट ही सोय पुढे आणली. संगणक एरवी स्वतःच्या डिस्कवरून सुरू होतो. नेटबूटमध्ये मात्र, सुरू करताना ‘एन’ ही कळ दाबून धरली की, तो केबलने जोडलेल्या सर्व्हरला हाक देतो. सर्व्हर त्यास आधी पत्ता, मग एक लहानशी आरंभिक फाईल आणि अखेर कार्यप्रणाली पुरवितो. लॅपटॉपची स्वतःची डिस्क या वेळी वापरात नसते. म्हणूनच ती पुसून नव्याने लिहिता येते.

लिहावयाची ती प्रतिमा. एक लॅपटॉप मनासारखा सिद्ध करून त्याच्या डिस्कवरील सर्व मजकुराची एकच फाईल केली जाते आणि पेणच्या कारखान्यात एका साच्यातून गणेशमूर्ती निघाव्यात तसे बाकीचे लॅपटॉप तीवरून तयार होतात. हिशेब पाहण्यासारखा आहे. प्रतिमा २० गिगाबाइटची असल्यास तीस लॅपटॉपना ६०० गिगाबाइट द्यावे लागतात. सेकंदास १०० मेगाबिट नेणाऱ्या जाळ्यावर यास किमान १३ तास २० मिनिटे लागतात. १ गिगाबिटच्या जाळ्यावर ८० मिनिटे. एकच प्रवाह सर्वांनी एकदम झेलण्याची सोय वापरली तर हा वेळ तिसाव्या हिश्शावर येतो, निदान कागदावर. स्विच हलक्या प्रतीचा असेल तर कागद कागदावरच राहतो.

ही पद्धत आता जुन्या लॅपटॉपपुरती उरली आहे. २०१८ च्या मॅकबुक एअर व मॅकबुक प्रो या नव्या नमुन्यांत टी-२ ही सुरक्षा चिप आली आणि जाळ्यावरून सुरू होण्याची वाट बंद झाली. २०२० पासूनच्या ॲपलच्या स्वतःच्या प्रक्रियकांवरही ती नाही. कारण सुरक्षेचे आहे: सुरू होणारी प्रणाली मूळ निर्मात्याचीच आहे, याची खात्री आता लॅपटॉप स्वतः करून घेतो. त्याऐवजी २०२१ पासून अशा नव्या लॅपटॉपवर सर्व मजकूर व मांडणी काही मिनिटांत पुसण्याची सोय मिळाली. पुढील मांडणी संस्थेच्या नावे नोंदविलेल्या लॅपटॉपवर व्यवस्थापन सर्व्हरकडून आपोआप उतरते. २०१७ पासून तर एखादा मॅक संगणक ॲपलकडील फाईली एकदाच उतरवून शाळेतील इतरांस देऊ शकतो. इंटरनेट मंद असेल तेथे ही सोय मोलाची आहे.

देणगी स्वीकारणाऱ्याची खरी अडचण मात्र वेगळीच असते. नवा लॅपटॉप पूर्वीच्या मालकाच्या खात्याशी किंवा कार्यालयाच्या नोंदणीशी बांधलेला असला, तर डिस्क पुसूनही तो सुटत नाही. परवलीचा शब्द मागत राहतो. ही नोंद देणाऱ्यानेच काढावयाची असते. म्हणून लॅपटॉप ताब्यात घेण्यापूर्वी प्रत्येकाचे निर्मितीवर्ष पाहावे, तो एकदा पूर्ण पुसून देणाऱ्यासमोरच सुरू करून घ्यावा. जुन्या मॅकबुक एअरला जाळ्याच्या केबलचे छिद्रच नसते. नेटबूट करावयाचे तर त्याचा जोडही तेव्हाच मागून घ्यावा.