गुडघ्याचा संधिवात आणि चालते पाय

आमच्या व्यापारी वर्गास जे विकार विशेषेकरून जडतात, त्यांत गुडघेदुखीचा क्रम फार वरचा आहे. पूर्वी दिवसाचे आठ-दहा तास गादीवर मांडी घालून बसणे असे, आता तितकाच वेळ खुर्चीवर जातो. घर ते दुकान हे हाकेच्या अंतराचे. पण तेही स्कूटरवर. पन्नाशी उलटली की माडीवरच्या कोठारात माल पाहावयास जाणे बंद होते, पुढे बाजाराच्या आवारात सौद्याला जाणे बंद होते, आणि अखेर गल्ल्याच्या किल्ल्या मुलाच्या हाती जातात. बुद्धी शाबूत, शब्दाला बाजारात किंमत, केवळ गुडघा दुखतो म्हणून माणूस घरी बसतो. बेळगावच्या रविवार पेठेत अशी उदाहरणे दाखविण्यास फार लांब जावे लागत नाही.

याला कारण जितका रोग, तितकीच एक समजूत आहे, असे आमचे मत आहे. गुडघा म्हणजे गाडीचा आस. जितके चाक फिरेल तितका तो झिजणार. म्हणून दुखू लागला की तो जपून ठेवावा, ही ती समजूत. वरवर पाहता ती व्यवहारी वाटते. परंतु आस निर्जीव आहे आणि गुडघा सजीव आहे, हा भेद तीत विसरला जातो.

हाडांची टोके जेथे एकमेकांस भिडतात तेथे त्यांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातूनच तिला पोषण मिळते, आणि ते मिळण्यास सांध्यावर भार पडून उतरावा लागतो. ओला स्पंज दाबला की पाणी बाहेर पडते, सोडला की आत शिरते, तसा हा प्रकार आहे. चालणे थांबले की ही देवघेव मंदावते. शिवाय मांडीच्या पुढच्या बाजूचा जो मोठा स्नायू गुडघ्याला सावरून धरतो, तो विश्रांतीने पाहता पाहता रोडावतो. मग प्रत्येक पावलाचा हिसका सांध्यावर अधिक बसतो, दुखणे वाढते, आणि दुखते म्हणून आणखी विश्रांती घेतली जाते. उतारवयातील या संधिवातात, ज्यास डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, कूर्चा विरळ होते हे खरे. पण हाड, आतील पातळ आवरण आणि स्नायू ही सर्वच त्यात गुंतलेली असतात. क्ष-किरणांच्या चित्रावरून दुखण्याचे माप निघत नाही. चित्र वाईट असून खुशाल हिंडणारे पुष्कळ आहेत, आणि चित्र बरे असून कण्हणारेही आहेत.

मग धावण्याचे काय? कॅम्प भागातील सावलीच्या रस्त्यांवर पहाटे पन्नाशीची माणसे धावताना दिसली की आमच्यापैकी पुष्कळजण 'गुडघे फुकट घालविणार' असे म्हणतात. येथे पुरावा पाहणे बरे. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी 1984 पासून 2002 पर्यंत लांब पल्ल्याचे 45 धावपटू आणि न धावणारे 53 जण यांच्या गुडघ्यांची चित्रे वेळोवेळी काढली. आरंभी त्यांचे सरासरी वय 58 च्या सुमारास होते. अखेरीस धावणाऱ्यांत संधिवात अधिक आढळला नाही. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेल्या हिशेबात हौसेने धावणाऱ्यांपैकी सुमारे 3.5 टक्के लोकांस खुबा वा गुडघा यांचा संधिवात होता, बैठ्या लोकांत 10.2 टक्के, आणि स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत मात्र 13.3 टक्के. अतिरेक येथेही नडतोच.

आता ज्यांचा गुडघा आधीच धरला आहे त्यांच्याविषयी. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पन्नाशीच्या पुढील, संधिवात असलेल्या माणसांकडे चार वर्षे पाहिले गेले. जे धावत होते त्यांचा रोग न धावणाऱ्यांपेक्षा अधिक बळावला नाही. यात एक मेख आहे. ज्यांस सोसले तेच धावत राहिले असतील, ज्यांस सोसले नाही ते आधीच थांबले असतील. म्हणून आम्ही इतकेच म्हणू की, जो पूर्वीपासून धावतो आणि ज्यास ते मानवते, त्याने केवळ संधिवाताचे नाव ऐकून धावणे सोडण्याचे कारण नाही. ज्याने वीस वर्षे गादी सोडली नाही, त्याने मात्र आरंभ धावण्याने करू नये. आधी चालावे, मांडी बळकट करावी.

ते बळकट करण्यास व्यायामशाळा लागत नाही. पेढीवरील खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा, खाली आणावा. दहा वेळा, मग दुसरा पाय. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठावे-बसावे. कठीण गेल्यास खुर्चीवर जाड उशी ठेवावी. अर्ध्या तासाने एकदा उठून दुकानाच्या दारापर्यंत जाऊन यावे. गिऱ्हाईक असेल तर तेवढेच आदरातिथ्यही घडते. व्यायामाच्या वेळी थोडे दुखले तर भिऊ नये. कसोटी दुसऱ्या दिवशी लागते: चोवीस तासांत दुखणे पूर्वपदावर आले तर मात्रा योग्य, सूज आली वा दुखणे टिकले तर ती कमी करावी. हीच कसोटी धावण्यासही लागू आहे. सुरुवातीस एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे, एक दिवस आड. पावले आखूड आणि किंचित जलद टाकावीत. त्याने गुडघ्यावरील भार घटतो.

वजनाचा हिशेब आम्हा व्यापाऱ्यांस सहज कळण्यासारखा आहे. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठातील संशोधकांनी 2005 साली दाखविले की, शरीराचे एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी उतरतो. पाच किलो उतरविणाऱ्याने पावलागणिक वीस किलोंचे ओझे गुडघ्यावरून खाली ठेवले. दुकानातील चहा आणि फरसाण यांकडे या दृष्टीने एकवार पाहावे.

तेलांनी घटकाभर आराम वाटतो, कूर्चा उगवत नाही. ग्लुकोसामीनच्या गोळ्यांवर घरोघरी पैसा जातो; 2006 सालच्या मोठ्या अमेरिकन चाचणीत एकंदर रुग्णांत त्या नकली गोळीपेक्षा स्पष्ट सरस ठरल्या नाहीत. शस्त्रक्रियेने सांधा बदलणे हा मात्र खरा उपाय आहे. रात्रीची झोप उडाली, चार पावले चालवेना, आणि व्यायाम, वजन, औषध सर्व करून झाले, तर ती लांबवू नये. त्यानंतर चालणे चांगले होते. धावण्यास बहुतेक शल्यचिकित्सक मनाई करतात.

गुडघा एकाएकी सुजून गरम झाला, ताप आला, मध्येच अडकू लागला, किंवा सकाळी अनेक सांधे अर्ध्या तासाहून अधिक वेळ ताठ राहू लागले, तर तो निराळा विकार असू शकतो. तेथे व्यायाम बाजूस ठेवून प्रथम डॉक्टरांस दाखवावे.

आमच्यापैकी अनेकांचा प्रश्न असतो तो यात्रेचा. श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीस सहाशेहून अधिक पायऱ्या आहेत; शिखरजीची वाट तर त्याहून कितीतरी लांब. डोलीचा विचार करण्यापूर्वी दोन-तीन महिने आपल्याच माडीच्या जिन्याचा सराव करावा, आणि दर आठवड्यास एक-दोन फेऱ्या वाढवाव्यात. चढण्यापेक्षा उतरणे गुडघ्यास अधिक जड जाते, म्हणून उतरण्यास दुप्पट वेळ राखून ठेवावा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात.