मे महिन्याचे ऊन आणि अंगावरचे लाइफ जॅकेट

भंडारा जिल्ह्यात पूर येतो तो जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. परंतु पुराशी सामना करण्याची तयारी करावी लागते ती मे महिन्यात. सात जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते आणि त्याच्या अगोदर जिल्हा प्रशासनाची मान्सूनपूर्व तयारी उरकावी लागते. बैठका होतात, नदीकाठच्या गावांच्या याद्या तपासल्या जातात, शोध व बचाव साहित्य बाहेर काढले जाते आणि एखाद्या तलावावर किंवा वैनगंगेच्या काठावर रबरी बोटी उतरवून पूर-बचावाची रंगीत तालीम घेतली जाते. नेमके याच दिवसांत विदर्भात नवतपा चालू असतो. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांना भिडलेला, नदीपात्रातल्या वाळूवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि अशा उन्हात तलाठी, कोतवाल, पोलीस पाटील, महाविद्यालयीन विद्यार्थी व ढीवर समाजातील तरुण नारिंगी रंगाची जाड लाइफ जॅकेटे घालून ओळीने उभे असतात.

या उभे राहण्याविषयी आम्हांला आज थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे. अशा तालमींचे वृत्त वर्तमानपत्रांत छायाचित्रासह येते. त्या जॅकेटाच्या आत शरीराचे काय होत असते, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

प्रथम, ही तालीम टाळता का येत नाही ते पाहू. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर भंडारेकर विसरलेले नाहीत. मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून आणि पेंच प्रकल्पातून पाणी सोडावे लागले आणि ते पाणी खाली भंडारा जिल्ह्यात शिरले. आपल्या डोक्यावर पाऊस नसतानाही पूर येऊ शकतो, ही गोष्ट त्या दिवसांत अनेकांनी प्रथमच अनुभवली. भंडारा शहराच्या सखल वस्त्या व नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली आणि लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले. खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरण, त्याचे तेहतीस दरवाजे आणि मागे पसरलेला जलाशय अशी ही रचना असल्याने वैनगंगेचे वागणे आता केवळ आपल्याकडील पावसावर अवलंबून राहिलेले नाही. अशा वेळी अंधारात, घाबरलेल्या माणसाच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवून त्याचे पट्टे नीट आवळणे हे काम हातांना आधीच ठाऊक असावे लागते. केवळ पुस्तक वाचून ते येत नाही.

समुद्रावरच्या जगाला हा धडा फार मोठी किंमत मोजून मिळाला. आमच्या वाचकांपैकी, विशेषतः वसई आणि गोव्याकडील, कित्येक घरांतले कुणी ना कुणी क्रूझवर, म्हणजे प्रवासी जहाजांवर, नोकरीला आहे. त्यांना पुढील माहिती नवीन नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळून कलंडले आणि बत्तीस जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी शेकडो प्रवासी नव्याने जहाजावर चढले होते आणि त्यांची सुरक्षा-तालीम व्हावयाची होती. त्या काळच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांच्या आत घेतली तरी चालत असे. पुढे आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आणि १ जानेवारी २०१५ पासून प्रवाशांची तालीम जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे बंधनकारक झाले.

नियम योग्यच होता. परंतु त्यातून दुसरी अडचण उभी राहिली. जहाजे बहुधा दुपारनंतर बंदर सोडतात. उष्ण प्रदेशातल्या बंदरात वारा पडलेला, डेकचे लोखंड तापलेले, आणि त्यावर शेकडो प्रवासी, त्यांत पुष्कळसे वृद्ध, हजेरी संपेपर्यंत दाटीवाटीने उभे. पूर्वी तर त्यांना जॅकेटही घालावे लागे. काहींना भोवळ येई. अनेक जहाज कंपन्यांनी यावर उपाय शोधला. प्रवाशांनी हजेरीच्या वेळी जॅकेट घालण्याची सक्ती त्यांनी सोडली, आणि २०२० नंतर तर माहितीचा भाग खोलीतल्या दूरदर्शन संचावर अथवा भ्रमणध्वनीवर पाहावयाचा व आपापल्या एकत्र जमण्याच्या जागी जाऊन फक्त नोंद करावयाची, अशी पद्धत रुळली. जहाजावरील कर्मचाऱ्यांना मात्र ही सवलत नाही. त्यांची तालीम दर आठवड्याला होते व ती पूर्ण साहित्यानिशी होते. या बदलातील विवेक लक्षात घेण्यासारखा आहे. तालीम रद्द झाली नाही. तिच्यातील जे उन्हात करण्याची गरज नव्हती, तेवढे सावलीत गेले.

आता जॅकेटाकडे वळू. मानवी शरीर आपली उष्णता दोन मार्गांनी बाहेर टाकते. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर उष्णता आपोआप हवेत जाते. त्वचेचे तापमान साधारण पस्तीस अंश असते. हवा त्याहून गरम झाली की हा मार्ग बंद होतो, एवढेच नव्हे तर उलटा चालू लागतो, म्हणजे हवाच शरीराला तापवू लागते. मग उरतो तो घाम. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. विदर्भातील कोरड्या हवेत घाम इतक्या झपाट्याने वाळतो की तो आला हेच पुष्कळदा कळत नाही. आपल्याकडचा शेतकरी पंचेचाळीस अंशांत काम करू शकतो तो या कोरड्या हवेच्या कृपेने.

लाइफ जॅकेट नेमकी हीच कृपा काढून घेते. त्याच्या आत फोमचे जाड थर असतात. पाण्यात तरंगविण्याकरिता ते आवश्यकच आहेत; पण फोम उष्णतेचा उत्तम रोधक आहे व त्यातून वाराही जात नाही. छाती आणि पाठ हे घामाचे मोठे क्षेत्र, तेच झाकले जाते. घाम येतो, कपडे भिजतात, परंतु तो वाळत नाही. म्हणजे पाणी व मीठ तर जाते, आणि थंडावा मात्र मिळत नाही. त्यात बोट खांद्यावरून नदीपर्यंत नेणे, दोर ओढणे, ‘बुडालेल्या’ माणसाला उचलून आणणे ही श्रमाची कामे आली की शरीर आतूनही उष्णता निर्माण करू लागते.

माणूस मग काय करतो? तो बकल सोडतो. जॅकेट खांद्यावर नुसते अडकवतो, छायाचित्रापुरते बांधतो आणि पुन्हा सोडतो. आमच्या मते उन्हातल्या तालमीचा खरा तोटा येथे आहे, कारण सराव हा नीट बांधण्याचा न होता सैल सोडण्याचा होतो. सैल जॅकेट पाण्यात पडताच वर सरकते, तोंडासमोर येते, आणि क्वचित डोक्यावरून निघूनही जाते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. बहुतेक प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हते. त्या दिवशी ऊन फारसे नव्हते, हे खरे. पण ‘गरम होते, नको ते’ ही आपली नेहमीची सबब एकदा अंगवळणी पडली की ती थंडीतही सुटत नाही.

उन्हाचा धोका अतिशयोक्त आहे असे कुणास वाटत असेल तर त्यांनी १६ एप्रिल २०२३ चा खारघर येथील ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार सोहळा आठवावा. उघड्या मैदानावर, भर उन्हात काही तास बसलेल्या श्रोत्यांपैकी चौदा जण दगावले. त्यांच्या अंगावर जॅकेटे नव्हती, ते श्रम करीत नव्हते, आणि पारा विदर्भाइतका चढलाही नव्हता. किनाऱ्यावरील दमट हवेत घाम वाळेना, एवढे पुरेसे झाले. त्या घटनेनंतर उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, अशी भूमिका राज्य शासनाने घेतली. पूर-बचावाच्या तालमीलाही हाच न्याय लावणे उचित ठरेल.

मग तालीम घ्यावी कशी? सर्वांत मोठा उपाय घड्याळाचा आहे. सकाळी साडेसहाला सुरुवात करून नऊच्या आसपास पाण्यावरील भाग संपवावा. साहित्याची ओळख, पट्टे बांधण्याची रीत, शिट्टीच्या खुणा हे सारे शाळेच्या ओसरीत किंवा समाजमंदिरात सावलीत शिकविता येते. जॅकेट अंगावर चढवावे ते पाण्याकडे निघताना, आणि परत येताच काढून ठेवावे. पण जितका वेळ ते अंगावर आहे तितका वेळ ते पूर्ण बांधलेलेच असावे. गट लहान ठेवावेत. एक गट पाण्यावर असताना बाकीच्यांनी झाडाखाली बसावे. काठावर झाड नसेल तर मांडव घालावा. लग्नाला घालतो, मग येथे का नको?

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सकाळी सातची वेळ कागदावर असते, आणि तालीम प्रत्यक्षात दहाला सुरू होते, कारण प्रमुख पाहुणे यावयाचे असतात. तोवर मुले जॅकेटे घालून रांगेत. सूर्य कुणाची वाट पाहत नाही. पाहुण्यांनी वेळेवर यावे, अथवा तालीम संपल्यावर चहाला यावे.

पाण्याविषयी. तहान लागेपर्यंत थांबू नये. काम चालू असता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. मात्र एका तासात दीड लिटरहून अधिक पिऊ नये, कारण निव्वळ पाण्याचा अतिरेकही रक्तातील मिठाचे प्रमाण बिघडवतो. ताक, कैरीचे पन्हे, आंबील हे आपले जुने उपाय उत्तमच. जीवनरक्षक क्षारांची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. उपाशीपोटी कुणी येऊ नये. डोक्याला व मानेला ओला सुती दुपट्टा बांधावा, पण तो भिजविण्यासाठी पाणी घरून न्यावे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे गोसेखुर्दच्या जलाशयात येते, हे ठाऊक असताना ते तोंडावर घेण्यात शहाणपण नाही. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूत विदर्भात घरोघरी आहे. कांदा खिशात जरूर असू द्यावा. भरवसा पाण्याच्या बाटलीवर ठेवावा.

ज्यांना ताप वा जुलाब झाले आहेत, ज्या गर्भवती आहेत, आदल्या रात्री ज्यांनी मद्य घेतले आहे, तसेच रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या ज्यांना चालू आहेत, त्यांना श्रमाच्या कामांतून वगळावे. थंड खोलीत बसण्याची सवय असलेल्या कर्मचाऱ्यालाही एकदम भर उन्हात उतरवू नये. शरीराला उष्णतेशी जुळवून घेण्यास एक ते दोन आठवडे लागतात.

डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे, भोवळ ही पहिली सूचना होय. अशा व्यक्तीला लगेच सावलीत आणावे, जॅकेट व बूट काढावेत, घोट घोट पाणी द्यावे. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, विचारलेले त्यास उमजेना, तो अडखळत चालू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे आतील तापमान चाळीस अंशांपलीकडे गेलेले असते. उष्माघातात त्वचा कोरडीच असते, हा समज पुरा खरा नाही. श्रमाने झालेल्या उष्माघातात अंग घामाने निथळतही असू शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येईपर्यंत हात बांधून थांबू नये. बादल्यांनी पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत, मानेशी आणि जांघेत बर्फ ठेवावा. टाके असेल तर डोके वर धरून त्यात बसवावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसात जाते. पहिला अर्धा तास निर्णायक असतो. म्हणून तालमीच्या जागी बर्फाची पेटी आणि पाण्याने भरलेले पिंप हे बोटीइतकेच आवश्यक साहित्य मानावे, आणि एका व्यक्तीला सर्वांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहण्याचेच काम द्यावे.

कुणी म्हणेल, पूर येतो तेव्हा ऊन कुठे असते? ऑगस्टमध्ये पाऊस थांबल्यावर भंडाऱ्यात पारा बत्तीस-तेहतीसच दाखवतो. पण हवा पाण्याने भरलेली असते आणि घाम वाळत नाही. बचाव पथकातील माणूस तेव्हा एकदोन फेऱ्यांपुरते नव्हे, तर सकाळपासून रात्रीपर्यंत जॅकेट घालून असतो. भोवती सर्वत्र पाणी, आणि पिण्यास थेंब नाही, अशी त्याची अवस्था होते. प्रत्येक बोटीत बचाव पथकासाठी पिण्याच्या पाण्याचा स्वतंत्र कॅन आणि क्षारांच्या पुड्या ठेवण्याची सवय मे महिन्यातच लावली तर ती ऑगस्टमध्ये कामी येईल.

शेवटी जॅकेटांच्या साठवणीविषयी. तालमीनंतर ती तहसील कार्यालयाच्या गच्चीवर वा ग्रामपंचायतीच्या अंगणात वाळत पडून राहतात. कडक उन्हाने त्यांचे कापड आणि शिवण कमजोर होते, बकले ठिसूळ होतात. सावलीत वाळवून, प्रत्येकाची बकले, पट्टे व शिट्टी तपासून ती कोरड्या खोलीत टांगावीत. फाटलेली बाजूला काढून मृग लागण्यापूर्वी त्यांच्या जागी नवी मागवावीत.