‘फाईन’ म्हणजे नेमके काय?

मागच्या महिन्यात एक आई वाचनालयाची चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आली. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिले होते, ‘फाईन २०’. ‘सर, पोरीला वीसपैकी वीस मिळाले ना?’ तिने कौतुकाने विचारले. पोरगी मान खाली घालून उभी होती. पुस्तक उशिरा परत केल्याचा तो वीस रुपये दंड होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही हाच शब्द फळ्यावर लिहिला. मुलांनी अर्थ सांगितले : छान, उम्दा, ठीक. आम्ही जोडले : दंड, म्हणजे उर्दूत जुर्माना, आणि बारीक, जसे बारीक दळलेले पीठ. हा ‘बारीक’ शब्द फारसीतला. मराठी आणि उर्दू दोघींच्या घरात नांदतो. जळगावच्या सराफ बाजारात ‘फाईन’ म्हणजे शुद्ध सोने. दागिन्यावरचा ९१६ आकडा सांगतो, हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने, म्हणजे २२ कॅरेट.

या सर्वांचे मूळ लॅटिन ‘फिनिस’, अर्थात शेवट. शेवटापर्यंत नीट नेलेले काम ते उत्तम; वादाचा शेवट करणारी रक्कम तो दंड.

म्हणून शब्द एकटा वाचू नये, शेजारचे शब्दही पाहावेत. घरी आलेली इंग्रजी चिठ्ठी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी. न कळल्यास विचारण्यात लाज कसली? त्या आईला आम्ही एवढेच म्हणालो, ‘रागावू नका. पोरगी पुस्तक पुन्हा वाचत बसली, म्हणून उशीर झाला.’